थर्माकोलचे दोन गोळे

बारावीला असताना मला विजेची इतकी धास्ती होती, की घरातलं बटणसुद्धा मी दाबत नसे. आदल्या वर्षी आमच्या गावी, सांगवीत, विहिरीवरची मोटर चालू करताना वडील स्टार्टरला चिकटले होते. आईनं वाळक्या काठीनं त्यांचा हात सोडवला म्हणून वाचले. मी तिथंच उभी होते आणि माझ्या तोंडून हाकसुद्धा फुटली नव्हती.

त्या थंडीत बारामतीच्या कॉलेजात फिजिक्सच्या सरांनी नेमकं मलाच टेबलापाशी बोलावलं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेले थर्माकोलचे दोन बारके गोळे नायलॉनच्या दोऱ्यांनी एकाच खिळ्याला टांगले होते. सरांनी प्लॅस्टिकची पट्टी स्वेटरवर घासून त्यांना लावली. एकमेकांना टेकलेले गोळे झटकन दूर झाले आणि तसेच तिरपे राहिले. मधे कुणीच नाही, तरी ढकललेले. मी एक पाऊल मागं सरले.

"ते एकमेकांना किती जोरानं ढकलतायत ते काढ. त्यावरून चार्ज काढ," सर म्हणाले.

गोळ्यांचं वजन फळ्यावर होतं. दोऱ्याच्या तिरपेपणावरून जोर आला. मधलं अंतर चार सेंटिमीटर. जोराला अंतराच्या वर्गानं गुणलं, स्थिरांकानं भागलं आणि वर्गमूळ काढलं. खडू दोनदा मोडला.

"चार नॅनोकूलोम, सर. प्रत्येकावर."

"बरोबर. आता एका गोळ्याला बोट लाव."

"नको, सर."

मुलं हसली. मला रडू फुटलं आणि कॉलेजात जपून बोलायची ती भाषा पार सुटली. "आमचं वडील स्टार्टरला चिकटलं व्हतं, सर. मी बघितलंय."

सरांनी खुर्ची ओढून मला बसवलं. हळू आवाजात म्हणाले, "त्या स्टार्टरच्या पेटीला भ्यायलाच पाहिजे. तिथं मागून लाईट येतच राहते. इथं मागून काही येत नाही. तू आत्ता काढलंस, तेवढंच आहे, एका कूलोमचे चार अब्जांश. नको वाटत असेल तर राहू दे."

मी उठले. बोट जवळ नेलं, तर गोळाच माझ्याकडे झेपावला! मी किंचाळले. तो बोटाला टेकला होता आणि मला काहीसुद्धा लागलं नव्हतं. हात मागं घेताच दोन्ही गोळे एकमेकांवर आपटले आणि पुन्हा दूर झाले. पण या वेळी कमी.

"का?" सरांनी विचारलं.

"एकावरचा चार्ज माझ्यातून गेला. दुसऱ्यावरचा दोघांत वाटला."

"मग अर्धा यायला पाहिजे. मोज."

मी दुसरी, लाकडी पट्टी धरली. अंतर अडीच सेंटिमीटर. पुन्हा सगळं मांडलं. दोन नॅनोकूलोम, किंचित कमी. सरांनी त्याखाली रेघ मारली आणि मला जागेवर पाठवलं. तास संपेपर्यंत मी ते बोट ओढणीला पुसत राहिले.