ठमाबाईची तहान

दिवा गावच्या ठमाबाईची खालची दाढ दोन आठवडे ठणकत होती. तिनं लवंग धरली, मिश्री दाबली. डायबिटीसची गोळीही आठवली तरच घ्यायची. सून करिश्मा दवाखान्यात चला म्हणाली, की तिचं उत्तर ठरलेलं, "दाढच हाय. पडंल."

एका सकाळी हनुवटीखाली गळा दोन्ही बाजूंनी सुजून टणक झाला. तोंड बोटभरही उघडेना, लाळ गिळवेना, आडवं झालं की श्वास कोंडायचा. करिश्मानं तिला तशीच बसवून रिक्षानं ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाढेचा पू मानेत खोल उतरलाय. शुगर चारशेच्या वर, म्हणून इतक्या झपाट्यानं पसरला. श्वासाची वाट कधीही बंद होईल. आधी गळ्यात नळी घालू, मग चिरा देऊन पू काढू. दाढही काढावी लागेल."

ठमाबाई शुद्धीवर आली तेव्हा श्वास गळ्यातल्या नळीतून चालला होता. आवाज नव्हता. शिरेतून अँटिबायोटिक, नाकातल्या नळीतून पातळ अन्न. तोंडानं थेंबही द्यायचा नाही.

तिला सारखं पाणी आठवायचं. टँकरचं नाही, बाटलीचं नाही, माहेरच्या बावीचं. भोवती सगळी मिठागरं, पण त्या विहिरीचं पाणी गोड. मिठागरावरून आई परतली की दोघी काठावर बसून एकाच तांब्यानं पाणी प्यायच्या. मिठानं चिरलेल्या हातांना पाणी लागलं की आई 'स्स' करायची आणि वर हसायची. पुढे बाव बुजवून तिथं सात मजले उभे राहिले. भावांना फ्लॅट मिळाले, तेव्हा ठमाबाईनंच आळीभर पेढे वाटले होते.

तिचे ओठ हलले की करिश्मा वाकून बघायची. "पाणी ना? अजून नाही आई." मग ओला बोळा ओठांवरून फिरवायची. कधीकधी ओठ 'आय' म्हणायचे. करिश्माला वाटायचं, तापात बरळतायत.

अकराव्या दिवशी सूज उतरलेली होती. नळी निघाली, गिळण्याची तपासणी झाली. करिश्मानं पहिला चमचा पाजला. ठमाबाईनं ते पाणी बराच वेळ तोंडात धरलं, मग डोळे मिटून गिळलं.

नळीच्या भोकावरच्या पट्टीवर बोट दाबून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझे आयेचा नाव गोमी होता. तुला कदी सांगला नाय."

करिश्माच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिनं दुसरा चमचा भरला.

"कशा होत्या त्या?"