बिछायतीचा विमा

दसऱ्याला जामला माहेरी गेले होते. तिथे आमचं बिछायत केंद्र आहे... लग्नकार्याला सतरंज्या, गाद्या, मोठी पातेली, मांडवाचे पडदे भाड्याने द्यायचे. बाबांनी सुरू केलं, आता माझा धाकटा भाऊ नितीन बघतो.

दसऱ्याला गोदामातलं सगळं सामान अंगणात काढायचं, पुसायचं आणि एकेका वस्तूला हळदकुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत. लहानपणी अंगण पुरायचं नाही, पातेली पार रस्त्याच्या कडेपर्यंत जायची. यंदा अंगण बरंच रिकामं राहिलं...

आषाढात गोदामाला आग लागली. लग्नसराई संपून सगळं सामान परत आलेलं, बाहेर बारीक पाऊस, आणि भर दुपारी शॉर्ट सर्किट झालं. माणसं वाचली, एवढंच एकमेकांना सांगत आम्ही ते दिवस काढले.

विमा होता, म्हणून नितीन धीर धरून होता. जळालेल्या सामानाची किंमत विम्याच्या रकमेत बसत होती. म्हणजे पूर्ण भरपाई मिळणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

नुकसान पाहायला विमा कंपनीचे सर्व्हेअर येऊन गेले आणि काही दिवसांनी नितीनचा फोन आला. “ताई, हप्ता एक चुकला नाई आपला. मंग पैसे काऊन कापून राह्यले हे?”

कारण साधं होतं, पण आम्हाला कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. गोदामात जेवढं सामान होतं, त्याच्या निम्म्या किमतीचाच विमा होता. म्हणून जे जळालं, त्याचीही निम्मीच भरपाई... उरलेल्याची जोखीम आम्ही स्वतःवर घेतली होती, असा त्याचा अर्थ.

विम्याची रक्कम बाबांनी ठरवलेली. तेव्हा गोदामात सतरंज्या, गाद्या आणि पातेलीच होती. पुढे नितीनने सोफे आणले, स्टेज आणलं, लायटिंग आणलं, कूलर आणले... रक्कम मात्र तीच राहिली.

नूतनीकरणाची वेळ आली की तो विचारायचा आणि बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. “हाये तेवढाच राहू दे. विमा वाढवनं म्हन्जे संकटाले आवतन देनं.” आमच्या घरात जळण्याबुडण्याचे शब्दच कोणी तोंडातून काढत नाही. मंगलकार्याचा धंदा, अभद्र बोलू नये.

नितीन त्यांना एका शब्दाने बोलला नाही. पण बाबांनी गोदामासमोरच्या बाकावर बसणंच सोडलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा बुक होत्या, लोकांचे ॲडव्हान्स घेतलेले होते, आणि धंदा पुन्हा उभा राहील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

पूजेला बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं... आले. धूर बसून काळी पडलेली पातेली नितीनच्या बायकोने, स्वाती वहिनीने घासघासून उजळवली होती. त्या पातेल्यांना कुंकू लावत लावत बाबा एका जुन्या सतरंजीपाशी थांबले.

“पाह्य वं, तुह्या लग्नातली हाये. तुह्या मामेसासऱ्यानं पान थुंकलं होतं हिच्यावर. तो डाग काई गेला नाई, अन् आगीनंही नेला नाई!” आषाढानंतर त्या घरात पहिल्यांदा सगळे हसले.

मग हसू ओसरलं, आणि बाबा कुंकवाच्याच बोटांनी अंगणाकडे दाखवत म्हणाले, “नितीन, त्या विमावाल्याले आजच बलाव. सामान बाहेर हाये तं तो डोयानं पाहून घेईल.”

“बाबा, आज सणाच्या दिवशी...?”

“आग का पंचांग पाहून आलती? बलाव त्याले. अन् आकडा आता मले नको इचारू. तूच सांगजो.”

नितीन पातेलं पुसत खाली बघत राहिला... आणि मी दुसरीकडे बघितलं.

एजंट आले, आपट्याचं पान हातात घेऊन त्यांनी सगळं सामान पाहिलं. आता दर दसऱ्याला, सामान अंगणात असतानाच, विम्याची रक्कमही तपासायची असं ठरलं. मधल्या काळात काही मोठं घेतलं, तर ते लगेच कळवायचं.

हिंगणघाटच्या ओळखीच्या बिछायतवाल्यांनी या हंगामापुरते सोफे देऊ केले आहेत. एकही तारीख परत करायची नाही, असं नितीनने ठरवलंय.

निघताना बाबांनी मला सोनं दिलं आणि विचारलं, “अन् तुह्या वरच्या मजल्याचं काय?” बोरगावच्या आमच्या घराचा विमा कर्ज घेतानाच निघालेला. सावंगीला शिकणाऱ्या मुलींना भाड्याने देण्यासाठी वरचा मजला नंतर बांधला, तो त्या विम्यात नाहीच.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला फोन केला. जागेची किंमत धरायची नाही, घर आज पुन्हा बांधायला किती लागेल ते धरायचं, हेही तेव्हाच कळलं. तुम्हीही एकदा बघून घ्या... घर वाढलं असेल, सामान वाढलं असेल.

बाबा परत बाकावर बसायला लागलेत, असं नितीन सांगतो. आगीचा जो शब्द त्यांनी जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवला, तो आमच्यासाठी त्यांनी ऐन सणाच्या दिवशी उच्चारला. त्या दिवशीचं आपट्याचं पान मी अजून देवापुढून उचललेलं नाही.