खोबणीत काय बसलं होतं

आमची सूनबाई प्रथिनांचे फोटो काढते, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगायचे. ती हसून म्हणायची, "आई, फोटो नाही हो. आकार शोधते." मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. आकार शोधायचा म्हणजे टेप घ्यायची आणि मापं काढायची, एवढं मला ठाऊक. पण जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही तिची मापं काढायची, हे ऐकून मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

तिची प्रयोगशाळा पहिल्यांदा पाहिली ती विसरलेला डबा द्यायला गेले तेव्हा. विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत एक लांब खोली, ओट्यांवर काचेच्या बाटल्या, फ्रीजवर 'यात जेवण ठेवू नये' अशी चिठ्ठी. आत एक थंड खोली, तिथे भर उन्हाळ्यात ही पोरगी स्वेटर घालून शिरते. स्वेटर सगळ्यांत मिळून एकच, दारामागच्या खिळ्याला लटकवलेला, दोन्ही कोपरांना भोकं. मी तो घरी आणून रफू करून दिला. तेव्हापासून तिथे माझी वट आहे.

तिचं काम एका रोगजंतूतल्या प्रथिनावर. त्या प्रथिनाला एक खोबण आहे. तिच्या सरांनी बनवलेलं औषध त्या खोबणीत जाऊन बसलं तर जंतूचा खेळ खलास, असा सरांचा अंदाज. ते खरंच बसतं का, हे बघायचं तर आधी प्रथिनाचे स्फटिक करावे लागतात. बारीक खळग्यांच्या ताटलीत थेंब थेंब घालायचे, ताटली कपाटात ठेवायची आणि मुकाट्याने वाट बघायची. धक्का लावायचा नाही.

पहिला स्फटिक दिसला तेव्हा ती घरभर नाचली. माझ्या मुलाने, जो ताप आला तरी ऑफिस चुकवत नाही, त्याने त्या दिवशी दांडी मारली. दुसऱ्या दिवशी तिने स्फटिकाला सुईने टोचलं तर कट्कन आवाज झाला. प्रथिनाचा स्फटिक असा तुटत नाही, त्याचा भुगा होतो. कट्कन तुटतं ते मीठ.

"आई, इतके महिने मी मीठ पिकवलं," ती म्हणाली.

"मग भाजीत घालू," मी म्हटलं. ती खो खो हसली आणि हसता हसता रडायला लागली. त्यानंतर तिला सवयच लागली. आनंद झाला की ही आधी सुई शोधायची.

पुढे बरीच वर्षं गेली आणि औषध घातलेले खरे स्फटिक आले. ते गोठवून, द्रव नायट्रोजनच्या वाफाळत्या थंडगार पिंपात घालून ती दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्ष-किरण यंत्राकडे घेऊन गेली. त्यातून प्रथिनाचा आकार उलगडला. जगात कुणी न पाहिलेला आकार आमच्या घरातल्या पोरीने पहिल्यांदा पाहिला! मी हे दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. वर त्या खोबणीत एक ठिपका दिसत होता. "बसलं!" सर ओरडले म्हणे. त्यांनी लगेच एका मोठ्या परिषदेत भाषण ठरवलं. एका संस्थेने हिला नोकरी देऊ केली, पीएचडीची पदवी याच वर्षी हातात पडली पाहिजे या अटीवर. सगळा प्रबंध त्या ठिपक्यावर उभा होता.

आणि ही जेवताना ताटात बोट फिरवत बसलेली.

"काय झालं गं?"

"ठिपका लहान आहे, आई. औषधाला शेपटासारखा एक भाग आहे. तो दिसतच नाही."

मग तिने औषध न घालताच स्फटिक केले. बाकी सगळं तसंच, गोठवणंही तसंच. ठिपका पुन्हा तिथेच! स्फटिकावर बर्फ धरू नये म्हणून गोठवताना ग्लिसरीन घालतात, तेच जाऊन खोबणीत बसलं होतं.

"मी टाचांना लावते ते?" मी विचारलं.

"तेच."

"सरांना पटलंय, परीक्षकांना पटेल," माझा मुलगा म्हणाला. "हातातोंडाशी आलेला घास कशाला घालवतेस?" मुलगा वाईट नाही हो, बायकोची दगदग त्याला बघवत नव्हती. नोकरी तर मलाही हवी होती. ती ताटं उचलून आत गेली.

सकाळी तिने दोन्ही चित्रं सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. सरांनी ती पाहिली आणि फोन उचलून स्वतःचं भाषण रद्द केलं. मोठा माणूस, मानलं मी त्यांना. पण प्रबंध मोडून नव्याने लिहावा लागला. ते वर्ष गेलं, नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली, शिष्यवृत्ती संपली. ही पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रात्यक्षिकं घेऊन उरलेल्या वेळात लिहीत बसायची. औषध बसत नाही, हेही तिने त्यात स्वच्छ लिहिलं.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. घरच्यांना बसू देतात, म्हणून मी आणि मुलगा मागच्या रांगेत. आमचा जीव टांगणीला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुमच्या हातात चित्र होतं. तुमचे सर खूश होते. मग तपासायला का गेलात?"

सूनबाई म्हणाली,

"सर, माझं चित्र खरं मानून कुणीतरी पुढचं औषध रचायला बसलं असतं. माझ्यासारखीच एखादी. तिची सगळी वर्षं ग्लिसरीनमागे गेली असती."

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. माझा ऊर असा भरून आला की मी उभी राहून टाळ्या वाजवायला लागले.

मुलाने माझा पदर ओढला. "आई, बस गं! अजून परीक्षा चालू आहे. निकाल लागायचाय."

"तो त्यांचा," मी म्हटलं. "माझा लागला."