मागे न घेतलेला शब्द

दाजी गेल्याचा अक्काचा फोन आला तेव्हा मी आजऱ्यात, आमच्या काजूच्या कारखान्यात होते. "हे गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, सभागृह एकदाचं तहकूब झालं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण त्यांच्याबद्दल गोडगोड लिहिणारे पुष्कळ झाले; 'संसदेतला सभ्य माणूस' हे वाचून वाचून मला वीट आलाय. सभ्य ते होतेच. माझ्या थोरल्या बहिणीनं त्या सभ्यतेखाली जन्म काढला, म्हणून मलाही चार शब्द लिहायचेत.

दाजी दोनदा खासदार झाले. दिल्लीत ते कधी कुणाच्या बोलण्यात आडवे आले नाहीत, अध्यक्ष आणि बोलणारा सदस्य यांच्या मधून कधी चालले नाहीत, आपलं भाषण झालं की कँटीनकडे पळाले नाहीत. पुढच्याचं ऐकून मगच उठले. तिसऱ्यांदा पडले आणि हे सगळे नियम सामानासकट कोल्हापूरला आले. आता त्यांना एकच सभागृह उरलं होतं, अक्काचं जेवणघर. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा. दाजींनी बघितलं तर बोलायचं, नाही बघितलं तर मुकाट्यानं आमटी ओरपायची. एकदा मी त्यांच्या आणि अक्काच्या मधून भाताचं पातेलं घेऊन गेले, तर म्हणाले, "पावणं, मागनं जावा की. सदस्य बोलायलेत." मी हसले. अक्का हसली नाही. मला त्यांच्यापेक्षा तिचाच जास्त राग यायचा.

वैजूचं प्रकरण याच जेवणघरात झालं. वैजू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. पक्षातले एक बडे पुढारी पुतण्यासाठी तिला मागणी घालायला आले होते, दाजींची भावकीही जेवायला होती. पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवत दाजी म्हणाले, "मुलीची संमती हाय." वैजू वाढत होती. हात वर न करताच ती बोलली, "माझी संमती न्हाय. मला कुणी इचारलंच न्हाय. आबा खोटारडे हायत." पाहुण्यांचे घास हातात राहिले. दाजी चिडले नाहीत, हेच भयंकर होतं. शांतपणे म्हणाले, "हा शब्द चालत न्हाय. वस्तुस्थितीला धरून न्हाय असं म्हण, मी ऐकून घेतो. पण हा शब्द मागं घे."

"न्हाय घेत."

"मग भाईर जा. घेतलास की ये."

ती गेली ती गेलीच. उचगावात खोली घेतली, नोकरी धरली, पुढं आपल्या मनानं लग्न केलं. इकडं तिचं नाव कामकाजातून काढून टाकलं गेलं. भिंतीवरचा फोटो उतरला. कुणी चुकून "वैजू" म्हटलंच तर दाजी खिडकीबाहेर बघत. म्हणजे ते ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी धरायचं. अक्का माझ्याकडे जाते असं सांगून उचगावला जायची, लेकीच्या हातचा चहा पिऊन परत यायची. मी मनातल्या मनात दाजींना जे जे बोलले त्यातलं एक अक्षर सभागृहात चाललं नसतं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. उरलेला डावा हात ते वर करत आणि कुणी वेळ देतंय का म्हणून बघत राहत. दुष्टपणे सांगते, मला बरं वाटलं. "माननीय सदस्यांनी खाली बसावं," असं एकदा मी म्हटलंही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं... मी काही पदर डोळ्याला लावला नाही.

शेवटच्या दिवसांत अक्कानं वैजूला बोलावून घेतलं. ती खाटेशी येऊन उभी राहिली. दाजींनी हात वर केला. बराच वेळ तोंडाची नुसती खटपट चालली. अखेर आलं ते एवढंच, "शब्द... मागं..." मरतानाही! माझं टाळकं फिरलं. वैजू वाकली आणि त्यांच्या कानाशी स्पष्ट म्हणाली, "न्हाय आबा. तुमी खोटारडेच." हात खाली आला. पायथ्याशी उभ्या असलेल्या अक्काचे ओठ उघडले आणि मिटले. मला वाटलं, हुंदका असेल.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आम्ही तिघीच उरलो. वैजू भांडी पुसत होती. अक्का जमिनीकडे बघत म्हणाली, "वैजू, तवा आबा खोटं बोलले न्हवते. पोरगी व्हय म्हणतीया असं मीच त्यांला सांगिटलं हुतं. चांगलं स्थळ हातचं जाईल म्हणून... वाटलं, मागनं तुला समजावीन." वैजू निघून गेली त्याच दिवशी अक्कानं दाजींना हे सांगून त्यांचे पाय धरले होते. ते म्हणाले होते, "चूक ज्याची, त्यानंच उठून सांगायची. दुसऱ्यानं सांगायची न्हाय. तू ऊठ, मी वेळ देतो." आणि मग हा माणूस वाट बघत बसला. वर्षानुवर्षं. रोज जेवताना अक्काकडे बघायचा. तिनं हात वर केला की तिला मीठ हवं असायचं. त्यानं एक वाक्य टाकलं असतं तर लेक परत आली असती, पण ते नियमात बसत नव्हतं. दोघांत जास्त निर्दय कोण, मला अजून ठरवता येत नाही. निदान खाटेशी तरी बोलायचं होतंस गं अक्का!

वैजू रडली नाही. पुसलेलं पातेलं तिनं पालथं घातलं, पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, "मी त्यांला सगळ्यांम्होरं बोलले. तूबी सगळ्यांम्होरं सांग. भावकी बोलव, उभी ऱ्हा, सांग. मग येईन." शेवटी बापाचीच लेक.

परवा मी अक्काकडे गेले. दार उघडं होतं. दाजींच्या खोलीतून आवाज आला म्हणून डोकावले. रिकाम्या खाटेकडे तोंड करून अक्का उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, हात शाळेतल्या पोरीसारखे सरळ सोडलेले. "ते खोटं न्हवते बोलले," ती म्हणत होती, "पोरगी व्हय म्हणतीया असं मी..." तिथं अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच 'मी'पाशी अडली. मी दिसताच चटकन खाली बसली आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. भावकीला निरोप अजून गेलेला नाही.