पस्तिसाव्या फोटोतलं कुंकू

माझी बायको सवाष्ण गेली. तिला तसंच जायचं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. हिरवं लुगडं, भरलेली ओटी, कपाळभर कुंकू, असं आम्ही तिला नेलं आणि मी मागं राहिलो. डोणगावच्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. तीस वर्षं जगाचे फोटो काढले, पण ती गेल्यावर घरात शोधायला बसलो तर तिचा धड फोटो एकच निघाला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

तोही मी रोल संपवायचा म्हणून काढलेला. रोल छत्तीस फोटोंचा असायचा. लग्न आटोपून दोन-तीन फोटो उरले की रोल तसाच धुवायला पाठवणं जिवावर यायचं, मग आम्ही दिसेल ते टिपायचो, बैल म्हणू नका, चहावाला म्हणू नका. त्या दिवशी दुसरबीडला एका मुसलमान व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पाठवणीपर्यंत चौतीस झाले. मी गाडीवर परत निघालो आणि वाटेत आमच्या दोन एकरावर थांबलो. बीटी बियाण्याची ती सुरुवातीची वर्षं. पऱ्हाटी बोंडांनी वाकली होती आणि ही कमरेला ओटी बांधून बायांसोबत कापूस वेचत होती.

"इकडे पाह्य जरा," मी म्हटलं.

"रोल संपवाले मीच सापडली का तुमाले?" असं म्हणून ती हसली. तो पस्तिसावा फोटो. छत्तिसाव्याला तिनं हात आडवा केला.

लग्नाचे निगेटिव्ह अल्बमसोबत पार्टीला देऊन टाकायची माझी रीत होती. हिच्या फोटोची एक कॉपी काढून घेतली आणि निगेटिव्हची पट्टी दुसरबीडला गेली. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

पुढं बीटीलाही अळी लागली, शिवाराची रया गेली, आणि माझ्याकडं लोक हौसेपेक्षा कागदपत्रांच्या फोटोसाठीच यायला लागले. एकदा जवळच्या खेड्यातला एक माणूस वहिनीचा जुना फोटो घेऊन आला. तिच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. ती घराबाहेर निघत नव्हती आणि सरकारी मदतीच्या फाईलला फोटो पाहिजे होता. "कुंकू पुसून द्या भाऊ, नाहीतर साहेब फाईल वापस करते," तो म्हणाला. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. मी पुसलं, वर कपाळाचा रंग सारखा केला. ही डबा घेऊन आली होती, मागं उभी राहून पाहत होती. तो गेल्यावर म्हणाली, "तिले इचारलं होतं का?"

"तिले काय इचाराचं? दीर आला न."

 ती डबा ठेवून चालू लागली. मला तिचा रागच आला होता, खरं सांगतो.

ती गेली त्याला वर्ष झालं, तेव्हा वर्षश्राद्धाला मी तोच फोटो माझ्या मोबाईलवरून फोटोच्या ॲपवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या घरची लक्ष्मी. ओळखीच्या लोकांनी हात जोडले. मला बरं वाटलं. घर खायला उठत होतं, त्या दिवशी जरा कमी उठलं.

दोन-तीन महिन्यांनी स्टुडिओसमोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यानं मला हाक मारली. माझ्यापेक्षा लहान, पण शहाणा माणूस. हातातला फोन त्यानं लगेच दिला नाही. "भाऊ, हे भाभीच आहेत न?"

तीच होती. तोच कापूस, तेच हसू, पण कपाळ कोरं. खाली कुणीतरी लिहिलं होतं की बीटीनं या माऊलीचा नवरा नेला, तरी ती हसतमुखानं राबते, तिच्यासाठी एक लाईक तर बनतो. कोपऱ्यात कुठल्याशा पेजचं नाव, जसा काही फोटो त्याच्या बापानं काढला. लाईकचे हजारो बदाम, फोटोवर दोनदा बोट टेकवलं की एक पडतो तसे. "ताई, धीर धरा." "ताई, आम्ही तुमचे भाऊ आहोत." मेली ती, मेलेला ठरलो मी, आणि लोक तिचं सांत्वन करत होते.

डोस्कंच फिरलं. मी तिथंच लिहिलं, मी हिचा नवरा, मी जिवंत आहे, ही सवाष्ण गेली. पाच मिनिटांत कुणाचं तरी उत्तर आलं, काका, लाईकसाठी किती खाली जाल?

मला पैसा नको होता, नाव नको होतं. तिचं कुंकू परत पाहिजे होतं, नाहीतर तो फोटो तिथून निघायला पाहिजे होता. त्या मोबाईलच्या दुकानदारानं ॲप चालवणाऱ्या कंपनीकडं तक्रारीचा फॉर्म भरला. सगळा इंग्रजीत. फोटो तुमचा आहे का, हो. काय बिघडलं, त्याला चार-पाच खाने. कुंकू पुसलं यासाठी खाना नव्हता. उत्तर चहा संपायच्या आत आलं. त्यानं वाचून सांगितलं, "ते म्हणून राह्यले, आमचा कोणताच नियम मोडला नाही."

"कोणी माणसानं पाह्यलं तरी का?"

"माणूस नसते भाऊ तिथं. मशीन असते."

आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं. माझ्या स्टुडिओबाहेर काचेची शोकेस होती. एकदा एका मुलीचा फोटो मी न विचारता त्यात लावला. तिच्या बापानं येऊन सगळ्यांदेखत माझी कॉलर धरली आणि मी हात जोडून फोटो काढला. शोकेस माझी, तर जबाबदारी माझी. लोक येतात अन् चिकटवतात, मी काय करू, असं म्हणालो असतो तर गावानं शोकेसच फोडली असती. बरोबरच केलं असतं. आणि या कंपनीची एवढी मोठी शोकेस, तिची कॉलर कुठं असते तेच सापडत नाही.

दुकानदार म्हणाला, पुरावा लागेल, मूळ फोटो पाहिजे. मूळ म्हणजे निगेटिव्ह. मी एस.टी.नं दुसरबीडला गेलो.

तो व्यापारी वारला होता. त्याची बायको होती, थकलेली, पण मला ओळखलं. अल्बमच्या मागच्या पाकिटात पट्ट्या जशाच्या तशा. शेवटची पट्टी तिनं उजेडात धरली. पाठवणीची गाडी, मग तोंडाला रुमाल लावलेला मुलीचा बाप, आणि त्याला लागून आमचं शेत.

"हे तुमच्या घरच्या होत्या का?" ती म्हणाली. "नाती ह्या पट्ट्या उजेडात धरून नेहमी पुसतात, अपनी शादी में ये कपासवाली कौन? मी म्हणते, असन कोणी पाहुणी."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "कापून न्या तेवढं."

कापलं असतं तर कात्री तिच्या नवऱ्याच्या फोटोच्या काठावरून गेली असती. मी नको म्हटलं. खिडकीला पट्टी लावून मोबाईलनं पट्टीचाच फोटो घेतला. निगेटिव्हमध्ये चेहरा काळवंडलेला दिसतो आणि लाल रंग हिरवट दिसतो. पण कुंकू होतं. निघताना तिनं विचारलं, "तुमाले आता जेवाले कोण वाढते?" मी काहीतरी सांगून निघालो. एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसलो आणि डोणगाव येईपर्यंत रडलो.

पुरावा पाठवला. आठ-दहा दिवसांनी त्या पेजवरून फोटो निघाला. मी दुकानदाराला पेढा दिला. पेढा त्याच्या तोंडात असतानाच त्यानं दुसरं पेज दाखवलं, मग तिसरं. कुठं ती शिर्डीजवळची होती, कुठं यवतमाळची, कुठं तर परराज्यातली. कपाळ सगळीकडं कोरं. प्रत्येकासाठी वेगळा फॉर्म. कंपनीचं म्हणणं, तुम्ही एकेक दाखवा, आम्ही एकेक पाहू. आम्ही सतरा भरले. मग दुकानदाराला गिऱ्हाइकं होती, आणि मलाही त्याच्या तोंडाकडं पाहायची लाज वाटायला लागली.

त्यानंतर एक दिवस मला सूचना आली. माझी वर्षश्राद्धाची पोस्ट काढून टाकली होती. कारण काय, तर या चित्रावर हक्काची तक्रार आहे. तक्रार माझीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिथं कुंकवासहित असलेला तिचा एकुलता एक फोटो होता, तो तेवढा गेला.

रोज अंघोळ झाली की मी घरातल्या फ्रेमच्या काचेवर तिच्या कपाळाला कुंकू लावतो. ते लावताना त्या खेड्यातल्या बाईची आठवण येते. तिचं मी पुसलं होतं ते कुणी परत लावलं नसेल. तिचं नावही मला माहीत नाही, नाहीतर जाऊन सांगितलं असतं की चुकलं माझं.

परवा असंच फ्रेमला लावून झालं. बोटाला कुंकू उरलं होतं. पाटावर मोबाईल पडला होता आणि त्यात ती आलेली, नव्याच कुठल्या पेजवर. मला राहवलं नाही. मी बोट तिच्या कपाळावर टेकवलं. काच गुळगुळीत, कुंकू धरलं नाही, म्हणून लगेच परत टेकवलं.

स्क्रीनवर मोठा लाल बदाम आला आणि गेला. मी बोट पुसून पाहिलं. कपाळ कोरंच होतं आणि खालच्या आकड्यात माझा एक मिळाला होता.