तळ्याच्या दाराचा दांडा

बाईंनी आयुष्यात एकाच माणसावर डूख धरला, पण तो इतका निगुतीनं जपला की लोक दागिनेही तसे जपत नाहीत.

वरून पाहिलं तर बाई अगदी थंड. मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायच्या, वर्गात आवाज चढवायच्या नाहीत, मधल्या सुट्टीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून वह्या तपासायच्या. शाळेत त्यांचे एकच मित्र, चित्रकलेचे मास्तर. मास्तरांना गप्प बसता येत नसे आणि बाईंना बोलायचं नसे, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

डूख होता तळ्याच्या साहेबांवर.

बाईंचे वडील तळ्याचे रखवालदार. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं, त्याला बांध आणि बांधाला लोखंडी दार. पाणी फार चढलं की दार उचलून ते ओढ्याला सोडायचं, म्हणजे खालची गल्ली कोरडी राहायची. एका वर्षी भर दुपारी पाणी चढलं आणि दार उघडलंच नाही. बांधावरून पाणी थेट गल्लीत. शिंप्यांची मशीनं, पिठाची गिरणी, दुकानांतला माल, सगळं बुडालं. माणसं तेवढी वाचली, म्हणजे राग काढायला शिल्लक राहिली. साहेब तेव्हा तरुण अभियंता होते. चौकशीत त्यांनी एका वाक्यात हात झटकले: रखवालदार झोपला होता.

वडिलांची नोकरी गेली, राहती खोली गेली आणि मागे नाव उरलं 'झोपाळू'. बाई तेव्हा शाळेत होत्या. हजेरीत त्यांचा नंबर आला की मागच्या बाकावरून कुणीतरी घोरायचं. वडील लाकडाच्या वखारीत ओझी वाहायला लागले. तिथं दुपारी जरा टेकले की कोणीतरी हमखास म्हणायचं, "उठा, पाणी आलं." शेवटी त्यांनी दुपारचं बसणंच सोडलं. जेवायचेसुद्धा उभ्यानं.

घरात मात्र ते एकच सांगायचे, "दांडा माझ्याकडे नव्हताच." दार उचलायला एक चाक होतं आणि ते फिरवायला त्यात लोखंडी दांडा घालावा लागे. दांड्याशिवाय दार हत्तीलाही हलवता आलं नसतं, आणि तो दांडा साहेब आपल्या बंगल्यावर ठेवायचे. त्या दुपारी वडील धापा टाकत बंगल्यावर गेले, तर शिपाई म्हणाला, साहेब जेवून आडवे झालेत, उठवायचा हुकूम नाही. पण हे ऐकणार कोण? शिपाई बदली होऊन गेला आणि पुढे वारला. मुलगी तर बापाच्या बाजूनं बोलणारच.

मग वडीलही गेले. उरल्या बाई आणि त्यांची आई. आई साहेबांचं नाव घेत नसे, नुसतं 'तो' म्हणायची. अधूनमधून विचारायची, "तो आहे ना अजून?"

"आहे. काठी घेऊन फिरतो सकाळी."

"बरं. राहू दे," आई म्हणायची. दुकानात एखादी वस्तू बाजूला काढून ठेवायला सांगावी तसं.

अशात वरून आदेश आला. आपल्या भागातल्या पाण्याचा, जंगलाचा, जमिनीचा इतिहास वर्गात कसा शिकवायचा याचं प्रशिक्षण सगळ्या शिक्षकांना द्यायचं होतं, तुकड्या-तुकड्यांनी. प्रशिक्षण देणाऱ्या म्हणून बाईंचं नाव गेलं, कारण बाकीच्यांना त्याच आठवड्यात पाठदुखी सुरू झाली होती. तक्ते रंगवायला म्हणून चित्रकलेचे मास्तरही आले. प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, एका ज्येष्ठ साक्षीदाराची मुलाखत ठेवली होती. साक्षीदार कोण, तर तळ्याचे निवृत्त साहेब. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तळ्यावरचा पाठही त्यांनीच लिहून दिला होता.

मास्तरांनी तो पाठ वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुमच्या वडलांना परत झोपवलंय यात."

"वाचलं मी."

"मग तक्रार करू या. मी लिहितो, माझं अक्षर चांगलंय."

"तक्रार कशाला? मुलाखत ठेवलीय ना. ती नीट घेऊ."

इतक्या वर्षांत बाईंना मास्तरांनी पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि ते त्यांना फारसं बरं वाटलं नाही.

पहिली तुकडी आली. बाईंनी तिला आपलं दुखणं सांगितलं नाही. वडिलांचा उल्लेख नाही, साहेबांबद्दल वाकडा शब्द नाही. फक्त म्हाताऱ्या माणसाला प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलं, आणि अगदी मन लावून शिकवलं. "घटना विचारू नका," त्या सांगायच्या. "घटना विचारली की माणूस पाठ केलेलं म्हणून दाखवतो. त्याचं रोजचं काम विचारा. हत्यारं कुठली, ती कुठं ठेवायचे, सकाळी काय, दुपारी काय. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. गप्प बसा, तो अजून बोलेल."

"आणि नाही बोलला तर?" मास्तरांनी चहाच्या वेळी हळूच विचारलं.

"बोलतील. त्यांना स्वतःबद्दल ऐकायला फार आवडतं, आणि तसं सांगणारं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही."

शेवटच्या दिवशी साहेब आले. कडक इस्त्री, ताठ मान, हातात काठी. बाईंनी स्वतः पुढे होऊन खुर्ची दिली, पाणी दिलं, माइक त्यांच्या उंचीला लावला. साहेबांनी त्यांना ओळखलं नाही. रखवालदाराच्या मुलीकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, तर ओळखणार कशी?

पोटभर जेवून आलेले शिक्षक पंख्याखाली पेंगत होते. पुढच्या रांगेतली विज्ञानाची तरुण शिक्षिका तेवढी टक्क जागी होती. तिनंच सुरुवात केली.

"साहेब, नोकरीत तुमचा दिवस कसा जायचा?"

साहेब खुलले. "घड्याळ चुकेल, मी चुकणार नाही. पहाटे बांधावर फेरी, मग ऑफिस. दुपारी जेवण झालं की आडवं व्हायचं, आणि मग मंत्री दारात आला तरी उठायचं नाही. शिपायाला तसा हुकूमच होता. तब्येतीचं रहस्य विचारतात लोक, ते हे."

सगळे कौतुकानं हसले. शिक्षिका गप्प राहिली. साहेब आणखी खुलले. तिनं दार कसं उघडायचे ते विचारलं, तर त्यांनी हवेत चाक फिरवून दाखवलं, दांडा कसा बसायचा ते काठीनं करून दाखवलं.

"आणि हा दांडा कुठं असायचा?"

"माझ्या बंगल्यावर, कपाटात. किल्ली माझ्या खिशात. रुजू झालो त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत."

"रखवालदाराकडे नाही?"

"छे. त्या लोकांच्या हातात असली वस्तू द्यायची असते का? स्पर्शसुद्धा करू दिला नाही कुणाला. म्हणून तर माझ्या काळात एक नट हरवला नाही."

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हाताची घडी जरा आणखी घट्ट केली.

शिक्षिकेनं पुस्तिकेची पानं चाळली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "साहेब, मला एक कळलं नाही. इथं लिहिलंय की रखवालदार झोपला होता म्हणून दार उघडलं नाही. पण तो जागा असता, तरी त्यानं ते कशानं उघडलं असतं?"

पेंगणाऱ्या दोन माना वर आल्या. मग आणखी चार.

"त्यानं..." साहेबांनी घसा साफ केला. "त्यानं मला बोलवायला यायला हवं होतं."

"किती वाजता?" बाईंनी विचारलं. मुलाखतीतलं त्यांचं पहिलं वाक्य. "पाणी दुपारी चढलं होतं. दुपारी तुम्ही काय करायचात, ते आत्ताच सांगितलंत."

गप्प बसायचं सगळ्यांना दोन दिवस शिकवलेलं होतं, आणि ते त्यांनी फार सुरेख करून दाखवलं. साहेबांनी माइककडे बघितलं, काठीकडे बघितलं, पाण्याचा पेला उचलून तसाच ठेवला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी मिश्कीलपणे, अगदी बारीक आवाजात घोरलं. अख्खं सभागृह हसलं.

अशा वेळी प्रशिक्षण देणाऱ्यानं शिस्त लावायची असते. बाईंनी लावली नाही. हसणं आपोआप विझेपर्यंत त्या साहेबांच्या चेहऱ्याकडे निवांत बघत राहिल्या.

मुलाखतीनंतर काय कळलं ते तक्त्यावर लिहायचं, असा रिवाज होता. मास्तरांनी सगळ्यात जाड पेन काढलं आणि तुकडीनं सांगितलं ते लिहिलं: दांडा साहेबांच्या कपाटात होता. साहेब झोपले होते. अक्षर खरंच चांगलं होतं, रस्त्यावरून वाचता येईल इतकं.

साहेबांनी बाईंना बाहेरच्या ओट्यावर गाठलं. "तुम्ही त्याच्या कोण?"

"मुलगी."

"आधी सांगायचं होतं."

"मग तुम्ही बोलला असतात?"

साहेब काठीनं फरशी टोकरत राहिले. "अहो, झालं ते झालं. तो तक्ता तेवढा उतरवा. माझी नातवंडं याच गावात शाळेत जातात."

"मीही जायचे, साहेब. याच गावात."

"माफी मागू का तुमची? मागतो. बोला."

"मला नको."

"मग हवंय तरी काय तुम्हाला?"

"बुधवारी दुसऱ्या तुकडीची मुलाखत आहे," बाई वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या. "मग तिसरीची. मग पुढच्यांची. पत्रिकेत सगळीकडे तुमचं नाव छापून झालंय. आलात तर तुम्ही सांगा, नाही आलात तर तक्ता सांगेल. माफी मागायचीच असेल तर तिथं मागा, माइकवर, ज्याची मागायची त्याचं नाव घेऊन."

साहेब पायऱ्या उतरून गेले. बाईंनी त्यांना हात दिला नाही.

घरी आई दाराकडे तोंड करूनच बसली होती. बाईंनी चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "बोलला?"

"बोलला. सगळ्यांसमोर. दांडा माझ्या कपाटात होता म्हणाला."

आईनं डोळे मिटले. बाईंना वाटलं, आता ही रडेल. तिच्याजवळ बसावं म्हणून त्या पुढे सरकल्या, तर आईनं डोळे उघडले. ते कोरडे होते.

"तो रडला का?"

"नाही गं. तोंड पडलं जरा. लोक हसले त्याला."

"कितीदा हसले?"

"एकदाच."

"तुझ्या बापाला मरेपर्यंत हसत होते," आई म्हणाली. "परत कधी आहे?"

"बुधवारी."

"मला ने."

"आई, तिथं शिक्षक बसतात फक्त."

"बसू देत की. मी काही विचारणार नाही. नुसती त्याच्याकडे बघत बसेन."

बाईंनी चित्रकलेच्या मास्तरांना फोन लावला आणि बुधवारी पुढे हातांची एक खुर्ची जास्त ठेवायला सांगितली.

"साहेबांसाठी?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांच्या समोर."