दाजींच्या खिशातली दोन कार्डं

दाजींनी म्हणे बँकॉकात बाई ठेवली होती. साधीसुधी नाही, नंबरवाली. सदतीस नंबर. हा नंबर कुणी पाहिला होता म्हणाल, तर कुणीच नाही. पण चौऱ्याऐंशी साली आखातातल्या मनामा शहरात प्रत्येक मराठी खोलीत तो तोंडपाठ होता. बुसैतीनच्या गॅरेजवाल्यांनी तर तिच्या पदरात एक मुलगाही टाकला होता.

आणि दाजी कोण? पन्नाशी उलटलेला, सोमवार करणारा, गुहागरकडचा माणूस. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. बारा वर्षांपूर्वी हमाल म्हणून आले आणि माल ओळखण्याच्या जोरावर त्या खुर्चीत बसले. बोल्ट हातात घेतला की अंगठ्यानं माप सांगत. कुठला पाइप कुठल्या खणात, सगळं डोक्यात. डोक्यात नव्हतं ते फक्त इंग्रजी. मराठी पोथी घडाघडा वाचत, आकडे वाचत, पण एबीसीडी म्हणजे मुंग्यांची रांग. खोक्यावर लेबल दिसलं की दाजींचा चष्मा नेमका खोलीवर राहायचा आणि हाताखालचा कारकून ताहिर वाचून दाखवायचा.

"दाजी, आपका चष्मा कभी ड्यूटी पे आएगा?" ताहिर डोळा मारून विचारी. गुपित त्या एकट्याला ठाऊक.

गुपितच ठेवायला हवं होतं. स्टोअरकीपरला इंग्रजी आलंच पाहिजे, असा नियम कंपनीनं त्याच वर्षी काढलेला. कळलं की नोकरी खलास, व्हिसा खलास, आठ दिवसांत गुहागर. आणि तिथे धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चाललेलं.

ईदच्या सुट्टीत कंपनीतली चौदा मराठी माणसं चार दिवस बँकॉकला निघाली. म्होरके इंजिनिअर विलास साहेब, पुण्याचे. सोबत त्यांची बायको सुनीता.

"दाजी, बारा वर्षं कॅम्प ते स्टोअर आणि स्टोअर ते कॅम्प. चला, जरा जग बघा!" साहेब म्हणाले.

दाजींचा दर वर्षीचा रिपोर्ट साहेबच लिहीत. रिपोर्ट लिहिणाऱ्याला नाही म्हणायची हिंमत कुणाची? दाजी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून निघताना साहेबांनी प्रत्येकाला हॉटेलचं कार्ड दिलं. "कुणी चुकलंच तर हे टॅक्सीवाल्याला दाखवायचं." दाजींनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. दारातून बाहेर पडतात तोच एका पोरगेल्या माणसानं हसून आणखी एक कार्ड हातात कोंबलं. दुसरा कुणी असता तर फेकून देता. पण दाजी पडले स्टोअरकीपर. हातात आलेला कागद टाकायचा नाही हा त्यांचा धर्म. तेही त्याच खिशात गेलं.

मग भाड्याच्या बसमधून सगळे निजलेल्या बुद्धाच्या देवळात गेले. दाजी त्या अजस्र पायांशी खिळले. तळव्यांवर शिंपल्याचे तुकडे बसवलेले, कुठे केसाएवढी फट नाही. कुणी बसवले असतील, किती दिवस लागले असतील, असा हिशेब चालला आणि दाजी भलत्याच दारानं बाहेर पडले. बस नव्हती. माणसं होती हजार, ओळखीचं एक नाही. तासभर त्यांनी भिंतीकडेनं फेऱ्या मारल्या. शेवटी घशाला कोरड पडली तेव्हा खिशात हात घातला.

दोन कार्डं. दोन्हींवर कमळ. दोन्हींवर मुंग्याच मुंग्या.

दाजींनी डोळे मिटले आणि आयुष्यभर केलं तेच केलं, अंगठा फिरवला. एक कार्ड पातळ, एक जाड आणि सोनेरी काठाचं. हलका माल आणि भारी माल यातला भारी तो हॉटेलचाच असणार! जाड कार्ड त्यांनी रिक्षावाल्यापुढे धरलं. तो इतका खूश झाला की त्यानं दाजींची पाठच थोपटली. तेव्हाच समजायला हवं होतं.

रिक्षा थांबली ती हिरव्या काचेच्या दारापाशी. आत पायऱ्यांवर वीसपंचवीस पोरी बसलेल्या, प्रत्येकीच्या छातीला गोल बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. स्टोअरच्या खणांना असतात तसे. आकडे तेवढे दाजींना वाचता आले. त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. गल्ल्यावरच्या म्हातारीनं पाणी दिलं. दाजींनी दुसरं कार्ड पुढे केलं. म्हातारी वाचून खो खो हसली, त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, आणि रिक्षाला हात केला.

रिक्षेआधी आली बस. पुढच्याच सीटवर सुनीता.

"अगंबाई! दाजी!"

बस थांबली. दाजी चढले. दारावरची इंग्रजी पाटी सगळ्यांनी वाचली होती, दाजींनीच तेवढी नाही.

"दाजी, तुम्हाला कार्ड दिलं होतं ना?" साहेबांनी विचारलं. "मग इथे कसे? कार्ड वाचता येतं ना तुम्हाला?"

आता दाजींनी काय सांगावं? खरं सांगितलं तर धाकटीची फी जाते, खोटं सांगितलं तर अब्रू. विचार करायला रिक्षा उलटी वळायला लागते तेवढाच वेळ होता.

"न वाचायला काय झालं, साहेब?" दाजी म्हणाले. "जग बघा म्हणालात ना?"

बस हसून फुटायची बाकी राहिली. सुनीतानं मात्र तोंड खिडकीकडे वळवलं, आणि पुढच्या श्रावणात सत्यनारायणाचं आमंत्रण दाजींना आलं नाही.

बातमी गुहागरला पोचायला महिना लागला. बायकोचं, गोदाबाईंचं, पत्र आलं, दोन ओळींचं. "तुम्ही सुखरूप परतलात हे कळलं. बाकी मी काही विचारत नाही."

दाजींनी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं. पण बायकोला खरं कळवावं तर ती ते भांडणाऱ्या शेजारणीच्या तोंडावर मारणार, शेजारणीचा मुलगा महादेव इथेच मनामाजवळ बुदैयाला ड्रायव्हर, म्हणजे पंधरा दिवसांत साहेबांच्या टेबलावर. चारही कागद फाडले गेले. पाचव्यात फक्त फीचा ड्राफ्ट गेला. पुढची सहा वर्षं, फी संपल्यावरही, ड्राफ्ट तसाच जात राहिला, आणि गोदाबाईंची पत्रं दोन ओळींचीच राहिली.

दाजी त्या जागेत वीस मिनिटं होते आणि एक ग्लास पाणी प्यायले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.